मालकाने आवळायचा बोल्ट

नाना गेल्याचा निरोप मला पुण्याच्या वसतिगृहातल्या फोनवर मिळाला आणि त्यांचा अपमान चार दिवसांनी वर्तमानपत्रातून. फोन आमच्या वसाहतीतल्या भीमाने केला होता. "ताई, नाना गेले. सकाळी तेलाची कुपी घेऊन भायेर पडले, तिसऱ्या घरापाशी बसले... ते बसलेच," एवढे बोलून तो रडू लागला. वर्तमानपत्रातली श्रद्धांजलीची जाहिरात मात्र चांगली ऐसपैस होती. कारखान्याच्या जुन्या ओळखपत्रावरून मोठा केलेला नानांचा फोटो, त्याखाली 'थोर समाजसेवक, आमच्या कुटुंबाचे आधारस्तंभ', आणि शोकाकुलांच्या यादीत सर्वांत ठळक नाव राजाभाऊंचे. राजाभाऊ म्हणजे आमच्या वसाहतीखालच्या जमिनीचे मालक. नानांच्या आयुष्यातले शेवटचे नऊ महिने ज्या एका हालचालीची वाट पाहण्यात गेले, ती अर्ध्या मिनिटाची हालचाल करायला ज्यांना सवड झाली नाही, ते हे गृहस्थ. त्या जाहिरातीला उत्तर म्हणून मी हा लेख लिहिते आहे असे कुणी म्हटले, तर मी नाकारणार नाही.

नाना माझे सख्खे चुलते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवले ते नानांनी आणि हिराकाकूंनी. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभे आयुष्य काढले. 'समाजसेवक' हा शब्द कुणी त्यांना उद्देशून उच्चारला असता, तर मागे कोण येऊन उभे राहिले ते पाहायला त्यांनी वळून बघितले असते. देवळाली प्रवराच्या बाहेर, राहुरीच्या रस्त्यालगत, कालव्याच्या चारीपर्यंत, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या पाटापर्यंत, पसरलेल्या एका खडकाळ तुकड्यावर आमची बावीस घरे आहेत. लोखंडी अँगलची चौकट, वर आणि बाजूंना पत्रे. काही कुटुंबे आमच्यासारखी कारखान्याची, काही पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली आणि परत न गेलेली. घर ज्याचे त्याचे, जमीन पाटलांची, म्हणजे राजाभाऊंच्या घराण्याची, आणि जमिनीचे भाडे महिन्याच्या महिन्याला. ही व्यवस्था समजून घ्यायला शहरातल्या माणसाला जरा वेळ लागतो. भाडेकरू जागा सोडतो तेव्हा तो सामान घेऊन जातो. इथे सामान म्हणजे घरच. ते उचलून न्यायला दुसरी जमीन नाही, आणि मालकाला ठाऊक असते की ती नाही. या एका माहितीतून बाकीचे सगळे तंटे जन्माला येतात.

पहिला मोठा तंटा झाला तेव्हा मी चौथीत होते. भीमाच्या वडिलांनी घरात पाणी शिरते म्हणून दगडाचे चार थर रचून जोते बांधायला घेतले. तेव्हाचे मालक, राजाभाऊंचे वडील आबासाहेब, दोन गडी घेऊन आले. "आज जोतं घातलं, उद्या भिंत घालशील, आन् परवा म्हनशील जमीनच माजी!" ते ओरडले. भीमाचे वडीलही काही गप्प बसणारे नव्हते. "मंग पानी काय तुमच्या वाड्यात सोडू का, आबा?" काठ्या निघाल्याच होत्या. तेवढ्यात नाना कारखान्याच्या खाकी कपड्यांतच, हातात बोल्ट आवळायचा पाना घेऊन आले. सगळ्या वसाहतीच्या चौकटी त्यांनीच जोडलेल्या होत्या. कुणाशीही न बोलता त्यांनी भीमाच्या दारावरच्या कोपऱ्यातला बोल्ट सैल केला. चौकट कुरकुरली, पत्रा लटपटला.

"बगा आबा," नाना म्हणाले, "घर जिमिनीला चिकाटलेलं न्हाई. तुमी म्हनला तर दोन दिसांत बावीस घरं टरकात भरून दीन. जोतं मातुर आजच काढाया लावतो. जे सुटतं ते आमचं, जे चिकाटतं ते तुमचं. मान्य?"

आबासाहेबांनी मान हलवली. मग नानांनी पाना त्यांच्यासमोर धरला. "आता ह्यो बोल्ट तुमी तुमच्या हातानं आवळा. आवळला म्हंजी आमाला साल मिळालं. आवळायचा नसंल तर आत्ताच सांगा, मी बाकीचे एकईस बी सोडवाया लागतो."

आबासाहेबांनी बोल्ट आवळला. जोते निघाले, पण पाणी अडवायला घराभोवती चर खणायची परवानगी मिळाली आणि आत भरायला मुरूम आबासाहेबांच्याच बैलगाडीतून आला. तो दिवस पाडव्याचा होता, ज्या दिवशी आमच्याकडे सालगड्याचे साल ठरते. त्यानंतर दर पाडव्याला ते घडत राहिले. घरवाल्याने दारावरचा एक बोल्ट मालकासमोर सैल करायचा, म्हणजे जमीन तुमची हे कबूल. मालकाने तो आपल्या हाताने आवळायचा, म्हणजे वर्षभर उठवणार नाही हे कबूल. एवढाच करार. आमचे घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या दारात गुढी नाही. आणि तरीही वसाहतीच्या पाडव्याचा मानकरी हा गुढी न उभारणारा माणूस होता. याचे कुणाला कधी नवल वाटले नाही.

त्या दिवसाची एक पद्धत होती, आणि नानांची खरी हुशारी त्या पद्धतीत होती. सुरुवात चारीकडच्या टोकापासून, भीमाच्या घरापासून. ते घर सर्वांत सखल जागेत आणि सर्वांत गरीब. शेवट आमच्या घराशी. पाना नानांच्या हातात असायचा आणि त्या घराची वर्षभराची तक्रार ऐकून तिचा निकाल लागल्याशिवाय तो मालकाच्या हातात पडायचा नाही. सांडपाणी कुणाच्या दारात जाते, शेळी कुणाच्या उसात शिरली, नळाची तोटी कुणी मोडली, लेकीच्या लग्नासाठी दोन पत्रे पुढे काढले तर चालेल का... सगळे त्या बोल्टापाशी बोलले जायचे. आबासाहेब घामाघूम होत. बायका त्यांची थट्टा करत, "आबा, जोर लावा की! वाड्यावर पुरनाची पोळी कमी पडली व्हय?" आबासाहेब शिव्या घालत हसत आणि आवळत. शाळकरी वयात मला या सगळ्याची लाज वाटे. पुढे विज्ञान शिकले तेव्हा लक्षात आले की हा माणूस वर्षभराचा दाब एका ठरलेल्या दिवशी, एका ठरलेल्या छिद्रातून मोकळा करत होता. कोर्टकचेरीची पायरी त्या बावीस घरांपैकी एकालाही चढावी लागली नव्हती.

माझे आणि नानांचे एकच भांडण होते, आणि ते अखेरपर्यंत मिटले नाही. मी म्हणे, "हे सगळं कागदावर घ्या. साक्षीदार घाला, सह्या घ्या." ते म्हणत, "कागद मालकाच्या कपाटात ऱ्हातो, बोल्ट आपल्या दारात ऱ्हातो." वाक्य ऐकायला छान आहे. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. आबासाहेब हयात आहेत, शब्दाला जागणारे आहेत, म्हणून जमीन त्यांच्याच हातात राहील असे गृहीत धरणे ही चूक होती. मृत माणसाच्या चुका सांगू नयेत असा संकेत आहे. नानांना तो संकेत मान्य नसता. सैल बोल्टाला ते सैलच म्हणत.

आबासाहेब थकले आणि कारभार राजाभाऊंकडे आला. दोन पाडवे राजाभाऊंनी पाना हातात घेतला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बावीस घरे उरकली. तक्रारी ऐकताना ते "बरं, बरं" म्हणत. दरम्यान रस्ता रुंद झाला, लगतच्या जमिनीवर दोन हॉटेले उभी राहिली, आणि राजाभाऊंना आमच्या जागेवर मंगल कार्यालय दिसू लागले. निमित्ताची गरज होती. ते निमित्त मी पुरवले.

गेल्या फाल्गुनात अवकाळी वादळ झाले. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी घरी आले होते. नाना लेकीकडे पाथर्डीला गेले होते. सात-आठ घरांचे सांधे निखळले, पत्रे उडून चारीत पडले. मी वही घेऊन बसले, वाऱ्याचा दाब आणि सांध्यांची ताकद यांचा हिशेब मांडला आणि सगळ्यांना सांगितले की बोल्ट काढून टाका, सांधे वेल्डिंगने जोडा. हिशेब बरोबर होता, हे मी आजही सिद्ध करून दाखवीन. राहुरीहून वेल्डिंगवाला टेम्पोत यंत्र घालून आला आणि दोन दिवसांत बावीस चौकटी पक्क्या झाल्या. एकट्या हिराकाकूंनी अडवले. "पोरी, दाराचा बोल्ट तरी ऱ्हाऊ दे. नाना इचारत्याल." मी म्हणाले, "काकू, एका रिवाजासाठी चौकट कच्ची ठेवायची का? पाडव्याला नुसता हात लावला तरी चालेल." रिवाज! ज्या सांध्यावर बावीस घरांची सुरक्षितता टांगलेली होती, तो माझ्या आकृतीत दाखवलेलाच नव्हता.

पाडव्याला आठ दिवस उरले असताना नाना परतले. दारात पिशवी ठेवली, वर पाहिले आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

"कुनी केलं?"

"मी सांगितलं."

"ताकदीचं हाय?"

"बोल्टापेक्षा कितीतरी जास्त."

"व्हय..." त्यांनी अंगठा पुन्हा सांध्यावर टेकवला. मग म्हणाले, "पन सुटंल का?"

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी वाद घातला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते करवतीचे पाते आणि हाताने फिरवायचे ड्रिल घेऊन भीमाच्या दारात शिडीवर चढले. प्रत्येक घराचा दारावरचा एक सांधा त्यांनी कापला, छिद्र पाडले, बोल्ट बसवला. मी खाली शिडी धरून उभी. उन्हात पत्र्याचा नुसता तवा झालेला. त्यांच्या तळहाताचे फोड फुटून दांड्याला चिकटत होते. मी ड्रिल मागितले तेव्हा हसून म्हणाले, "घे, सायंटिस. पन भोक सरळ पाड. वाकडं झालं तर राजाभाऊला आवळताना तरास व्हईल." ज्याला आम्हाला हुसकायचे होते त्याच्या मनगटाची काळजी हा माणूस शिडीवर उभा राहून करत होता. मला हे कौतुकाने लिहिता येत नाही. मला त्याचा संताप येतो.

पाडव्याच्या सकाळी बावीसही दारांवर बोल्ट होते. राजाभाऊ दोन गड्यांसह जीपमधून आले. मागे आबासाहेब बसून राहिले, त्यांना उतरवत नव्हते. नानांनी भीमाच्या दारावरचा बोल्ट सैल केला आणि पाना पुढे केला. राजाभाऊंनी तो घेतला नाही. कापलेल्या वेल्डिंगच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "नाना, हे काय? चिकटवलं होतं ना? जे चिकटतं ते आमचं, ही तुमचीच अट. अट मोडली."

"चूक झाली हुती, दुरुस्त केली," नाना म्हणाले. "बावीसच्या बावीस सुटत्यात. येक-येक सोडवून दावतो."

"सुटतात ना? मग सोडा की. ट्रक मी देतो."

गडी हसले. नानांचेच शब्द इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडावर फेकले गेले होते. नाना जीपपाशी गेले. "आबा..." एवढाच शब्द ते बोलले. ज्या हाताने वर्षानुवर्षे आमचे बोल्ट आवळले होते, तो हात आबासाहेबांच्या मांडीवर पडलेला होता. त्यांनी नानांकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले आणि मान उसाच्या बाजूला वळवली. राजाभाऊंचा लोभ मला समजतो. लोभाला कारण लागत नाही. आबासाहेबांच्या त्या वळलेल्या मानेला मी अजून माफ केलेले नाही.

नानांनी उरलेल्या एकवीस घरांचे बोल्टही सैल केले आणि सगळ्यांना बजावले, "मालकानं आवळल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई." मी म्हणाले, "आपणच आवळू या, नाना. वारा सुटला तर?" ते म्हणाले, "आपुन आवळला तर भांडान मिटल्यावानी दिसतं. सैल ऱ्हायला तर सवाल ऱ्हातो." तेव्हापासून वारा सुटला की वसाहतीतले बावीस सांधे एकदम खडखडत. पुढे नळ बंद झाला. बायका चारीचे पाणी भरू लागल्या. जागा खाली करण्याची नोटीस आली. नाना एका कचेरीत गेले, मी सोबत होते. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारले, "करारपत्र कुठंय?" नानांनी पाना टेबलावर ठेवला आणि सगळी हकिगत सांगू लागले. ते गृहस्थ म्हणाले, "आधी हे उचला. टेबलावर ओरखडे पडतात." नानांनी पाना उचलला, धोतराच्या सोग्याने टेबल पुसले आणि "चुकलं साहेब" म्हणाले. बाहेर आल्यावर मी रडले. ते रडले नाहीत.

आणि आमची माणसे? ज्यांच्यासाठी तळहात सोलून घेतले तीच माणसे पाठीमागे बोलू लागली. "नाना तिकडचं का हिकडचं? त्यांनीच मालकाला आवळायची सवय लावली." वेल्डिंग कुणी सुचवले हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी माझे नाव कुणी घेतले नाही, कारण नानांनी पहिल्याच दिवशी ती चूक आपल्या नावावर घेतली होती. हे मला ते गेल्यावर भीमाने सांगितले.

सैल बोल्ट गंजतो. म्हणून नाना दर शनिवारी तेलाची कुपी घेऊन निघत, चारीकडच्या टोकापासून सुरुवात करत आणि प्रत्येक बोल्टाला दोन थेंब तेल घालून बोटाने मागेपुढे फिरवून पाहत. "गंजला तर सुटनार न्हाई," ते म्हणत, "आन् सुटला न्हाई तर आवळता बी येनार न्हाई." नऊ महिन्यांत एक शनिवार चुकला नाही. मार्गशीर्षातल्या एका शनिवारी तिसऱ्या घरापाशी ते खाली बसले. कुपी सांडली नव्हती, भीमा सांगतो. त्यांनी ती आधी नीट उभी ठेवली होती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, म्हणजे आमच्याकडे दिवंगताच्या नावाने वंदना आणि भोजनदान होते त्या दिवशी, राजाभाऊ आले. पांढरेशुभ्र कपडे, सोबत छायाचित्रकार. त्यांनी भाषण केले. "नाना मला वडिलांसारखे होते. गरिबांसाठी झिजलेला असा माणूस..." मी मुठी आवळून बसले होते. भाषण संपवून ते आमच्या दाराशी गेले, खिळ्यावरचा पाना स्वतःच काढला आणि म्हणाले, "आज सगळ्यांसमोर मी नानांच्या घराचा बोल्ट आवळतो. या माउलीला इथून कुणी उठवणार नाही. माझा शब्द आहे." त्यांनी बोल्ट आवळला. चांगला जोर लावून आवळला. फोटो निघाला. काही लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

बावीसपैकी एक घर बाजूला काढले की उरलेली एकवीस हलकी होतात, हे समजायला भौतिकशास्त्र लागत नाही. मी उठणार एवढ्यात हिराकाकू उठल्या. पांढरे लुगडे, डोक्यावर पदर. माझ्या आठवणीत त्यांनी तो पाना कधी हातात धरला नव्हता.

"राजाभाऊ, पाना द्या हिकडं."

त्यांनी दिला. काकूंनी तो बोल्टाला लावला. पहिल्या झटक्याला बोल्ट हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, सगळे अंग त्यावर टाकले, आणि बोल्ट करकरत फिरला. एक वेढा, दुसरा, तिसरा. चौकट लटपटली तशा त्या मागे सरल्या.

"तुमचं उलटं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमचं घर शेवटाला असतंय. सुरवात तिकडून, भीमाच्या दारापासून. घ्या." आणि पाना त्यांच्यासमोर धरला.

राजाभाऊ हसले, घड्याळाकडे पाहिले, "काकू, तुम्ही आत्ता दुःखात आहात, आपण नंतर बोलू," असे काहीसे म्हणाले आणि जीपकडे निघाले. मग पहिल्यांदा भीमाची आई उठून काकूंच्या शेजारी उभी राहिली, नंतर एकेक करत सगळ्या. पाठीमागे बोलणारेही त्यांत होते.

आता मी माझे काम करते आहे. बावीस घरांचा एकत्र अर्ज लिहिला आहे. कुठले वर्ष, कुणाचा हात, कोण साक्षीदार, सगळे पुराव्यासह मांडले आहे, आणि वकिलांशीही बोलले आहे. सह्या आणि अंगठे झाले. काकूंनी शाईचा अंगठा पुसत मला सांगितले, "तू कागद कर. नाना नको म्हनायचे, पन कर तू. तेल मातुर मी घालनार."

गेल्या शनिवारी मी घरी होते. काकू सकाळी कुपी घेऊन निघाल्या. चारीकडच्या टोकापासून एकेका दारापाशी स्टूल ठेवायचे, चढायचे, दोन थेंब, बोटाने मागेपुढे, उतरायचे. त्यांना नानांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. तिसऱ्या घरापाशी त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. शेवटी आमच्या दाराशी आल्या, वरचा बोल्ट फिरवून पाहिला आणि कुपी खिडकीत ठेवली. पाना खिळ्यावर होता. त्याच्या दांड्यावर जिथे नानांचा अंगठा टेकत असे, तिथले लोखंड अजून चकाकते.

पाडवा जवळ येतो आहे. बोल्टांना गंज चढलेला नाही. राजाभाऊंना रस्ता ठाऊक आहे. यावे. सुरुवात मात्र भीमाच्या दारापासून.